मानाचं डोकं

“मटण कुठल्या पानावर आहे?” आप्पांनी विचारलं.

मेनूकार्ड एकाच पानाचं होतं. खानावळवाल्या मावशींनी ते आप्पांच्या हातातून घेतलं, पुढूनमागून बघितलं, जणू मधल्या वेळात कुणी त्यावर बोकड आणून बांधला असेल, आणि परत दिलं.

“सुरमई हाय, बांगडा हाय, कोळंबी हाय. मटण नाय.”

“मग चिकन?”

“नाय.”

“अंडं?”

“अंडं देईन,” मावशी म्हणाल्या, “पण मला लाज वाटेल.”

रत्नागिरीत उतरून आम्हाला जेमतेम तासभर झाला होता. समोर बसलेल्या सारिकाताईने टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ मारली. याचा अर्थ, तू बोल. मी बोलले, “मावशी, मला बांगडा.” आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी शाळेत दारू मागितली.

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आता मी दहावीत आहे, वक्तृत्वात तालुक्यात पहिली आले आहे आणि माझं तोंड बंद करायला मुख्याध्यापकांनाही घंटा वाजवावी लागते. तेव्हा मी नुकती सातवी संपवलेली, समृद्धी संपत जगदाळे, मुक्काम पोस्ट दहिवडी. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी टँकरने येतं. टँकरमधून कधी मासा आलाच तर तो चुकून आलेला असतो आणि त्याची पंचायतीत तक्रार करायची असते. त्यामुळे मासा हा खायचा पदार्थ आहे, हे आमच्या घरात कुणी मनावर घेतलेलं नव्हतं.

आप्पांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहीर आटली तरी लोक मोटार चालू ठेवतात, मोटार जळते, मग आप्पा ती उघडतात, आतली केसासारखी तांब्याची तार सोडवतात आणि नवी गुंडाळतात. जगातली कुठलीही वस्तू उघडून परत जोडता येते असं त्यांचं मत होतं. मासा सोडून.

आणि नेमकी ताईने मासेवाल्यांची निवड केली होती.

ताई माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. रत्नागिरीला पोस्टात लागली, दोन वर्षं तिथे राहिली आणि शेजारच्या टेबलावरचा निनाद शिवलकर तिला आवडला. दिवाळीत तिने घरी सांगितलं. फराळाचा डबा उघडा होता, तो तीन दिवस तसाच उघडा राहिला. मग अण्णाकाका म्हणाले, “पोरगा चांगला असंल गं. पण खाणं-पिणं जुळत न्हाई.”

आमच्या घरात जात हा शब्द कुणी काढत नाही. पंधरा ऑगस्टला भाषणं केलेली माणसं आहेत. जात म्हणायचं असलं की ती खाणं-पिणं म्हणतात.

मे महिना लागला आणि एका संध्याकाळी आप्पा हातावरची ग्रीस पुसत म्हणाले, “जाऊन त्यांच्याकडं जेवून येतो. रविवारी जेवतो, सोमवारी सांगतो.”

एवढंच. त्यावर ताईचं अख्खं आयुष्य.

आई येणार होती, पण आमची म्हैस ऐन त्याच आठवड्यात व्यायला झाली. म्हशीला पुढची तारीख देता येत नाही, म्हणून आईच्या जागी मला पाठवलं. एसटी स्टँडवर आईने मला खांबामागे ओढलं.

“आप्पांच्या ताटावर लक्ष ठेव. त्यांच्या घशाखाली नाही उतरलं तर काहीतरी कर. तिथं ताटावरून उठले तर सारिकाचं संपलं.”

“काय करू?”

“शाळेत तुला हुशार म्हणतात ना? कर काहीतरी.”

तेरा वर्षांच्या मुलीला काहीतरी कर असं कधीही सांगू नये. ती करते.

तर खानावळीत आप्पांनी अंडाकरी खाल्ली आणि मी बांगडा. रव्यात तळलेला, वरून कुरकुरीत, आतून लोण्यासारखा. तिसऱ्या घासाला काटा माझ्या घशात रुतला. आप्पांनी माझ्या पाठीत असे गुद्दे घातले की काट्यापेक्षा त्यांनीच मी गेले असते. मावशी आतून सुक्या भाताचा गोळा घेऊन आल्या. “चावू नको, गिळ.” गिळला. काटा गेला.

“बघितलं?” आप्पा ताईला म्हणाले. “ज्याला काटं असत्यात ते जनावर खायचं नसतं. देवानं सांगून ठेवलंय.”

“बाभळीला पण काटे असतात,” ताई म्हणाली. “शेळी खाते. आणि आपण शेळी खातो.”

आप्पांनी पाणी मागितलं.

मावशींना हसू आवरेना. “पाव्हणे, आमच्या खलाशांना बघा एकदा. सकाळी बोटी लागल्या की जेट्टीवर मीच न्याहारी देते. एका हातात चहा, एका हातात बांगडा. चहा संपेस्तोवर बांगड्याचा नुसता सापळा.”

“असंल,” आप्पा म्हणाले.

मी हात धुवायला मागच्या अंगणात गेले. तिथे बादलीभर माशांची डोकी होती आणि भोवती चार मांजरी. मावशींची सून एकेक डोकं फेकत होती. तेव्हाच माझ्या मनात पक्कं बसलं, की माशाचं धड माणसाचं आणि डोकं मांजराचं. एवढंच एक ज्ञान मी त्या दिवशी मिळवलं आणि दुसऱ्या दिवशी तेच वापरलं.

संध्याकाळी ताईने आम्हाला थिबा पॅलेस दाखवला. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी पकडून इथे आणून ठेवलं होतं, तो शेवटपर्यंत इथेच राहिला. आप्पा त्या लाल वाड्याकडे बराच वेळ बघत राहिले.

“परक्या मुलखात सगळी हयात काढली म्हणायची,” ते म्हणाले.

“हो.”

“आणि खात काय असंल?”

“आप्पा,” ताई म्हणाली, “मी दोन वर्षं इथे आहे. मला कधी विचारलं नाहीत, काय खातेस म्हणून.”

मी कारंज्याकडे बघायचं ठरवलं, पण कारंजं बंद होतं.

रविवारी सकाळी लॉजवर मला जाग आली तर आप्पांची खाट रिकामी. साडेआठला परत आले. टोपी नीट, चेहरा धुतलेला, आणि हाताला लिंबाचा वास. आले तसे बाथरूममध्ये शिरून लॉजच्या चपट्या साबणाने तीनदा हात धुतले. उजव्या अंगठ्याला हळद लावलेली.

“कुठं गेला होता?”

“फिरायला.”

“अंगठ्याला काय झालं?”

“लागलं.”

मी खालून पोहे मागवले. आप्पा म्हणाले, भूक नाही. आता, माझ्या आप्पांना भूक नाही हे मी जन्मात दोनदाच ऐकलंय, आणि त्यातल्या एकदा त्यांना कावीळ झाली होती. मी हिशेब जुळवला. लिंबू, भरलेलं पोट, तीनदा हात धुणं. यांनी कुठेतरी खिमा-पाव शोधून काढला होता. पोट आधीच भरून ठेवायचं, शिवलकरांकडे दोन घास चिवडायचे, आणि सोमवारी दहिवडीला जाऊन सांगायचं की खाणं-पिणं जुळत नाही. नकार त्यांनी सकाळीच खाऊन टाकला होता.

मला त्यांचा इतका राग आला की मी त्यांच्या वाटणीचे पोहेही खाल्ले.

शिवलकरांचं घर मांडवीच्या बाजूला. कौलारू, पुढे अंगण, मागे माड, आणि घराला सगळीकडून समुद्राचा वास. निनाद दारात उभा, इस्त्रीचा शर्ट, घामाने पाठीला चिकटलेला. तो आप्पांच्या पाया पडला, चुकून माझ्याही पडणार होता. त्याचे वडील लवकर गेलेले. घरात आई आणि आजोबा. आजोबांना सगळे तात्या म्हणत. जन्मभर मासेमारीच्या बोटीवर तांडेल होते, म्हणजे बोटीचा मुख्य. आता अठ्ठ्याहत्तरचे, वाळवलेल्या बोंबलासारखे, आणि बोलणं अगदी मोजकं.

तात्यांनी आप्पांना दारातच थांबवलं. आधी टोपीकडे बघितलं, मग तोंडाकडे, मग अंगठ्याकडे.

“तुम्ही काय सारिकाचे वडील?”

“व्हय. संपत जगदाळे.”

“हां,” तात्या म्हणाले. आणि आत वळून सुनेला म्हणाले, “वाढप मी करतलो.”

निनादच्या आईच्या हातातला डाव तसाच राहिला. ताईने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, झालं, म्हाताऱ्याला टोपी आवडली नाही.

पडवीत चटया घातल्या. आप्पा, शेजारी मी, समोर तात्यांचं ताट. ताई आणि निनादची आई आत भाकऱ्या करत होत्या, निनाद आत आंबे कापत होता. मागच्या दारात एक पांढरी मांजर बसलेली, एक कान फाटका. तिचं नाव कलेक्टर. का, तर ती आली की सगळे उठून वाट देतात.

तात्या आतून पातेलं घेऊन आले. सुरमईचं कालवण, नारळाचं, शेंदरी, त्याच्या वासाने डोळे मिटावेत असं. त्यांनी माझ्या ताटात तुकडी वाढली. स्वतःच्या ताटात तुकडी वाढली. मग डाव तळापर्यंत घालून, दोन्ही हातांनी, हळूच, आप्पांच्या भातावर एक डोकं ठेवलं.

अख्खं डोकं. माझ्या मुठीपेक्षा मोठं. तोंड अर्धवट उघडं, दात दिसतायत, आणि एक पांढरा डोळा थेट माझ्याकडे.

तात्या नुसते उभे राहिले.

आप्पांनी डोक्याकडे पाहिलं. डोक्याने आप्पांकडे पाहिलं. आप्पांचा हात ताटाजवळ गेला आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. आईचा. घरात रेंज नव्हती, म्हणून आप्पा फोन डाव्या हाताने कानाला लावून “हॅलो, हॅलो, आवाज येत न्हाई” करत अंगणात गेले, आणि तिथून रस्त्यावर.

तात्या म्हणाले, “दात घेऊन येतो,” आणि आतल्या कोनाड्याकडे गेले.

पडवीत मी, डोकं आणि कलेक्टर.

मी विचार केला. खोटं नाही सांगत, खरंच केला. यांच्याकडचा मासा संपत आला असणार, नाहीतर मांजराचा वाटा पाहुण्याला कोण वाढतो? किंवा यांना आप्पांचा अपमान करायचा असेल. काहीही असो, आप्पा परत येणार, त्या डोळ्याकडे बघणार, सकाळचा खिमा बाहेर येणार, तोही या चटईवर, आणि ताईचं संपणार. आईने सांगितलं होतं, काहीतरी कर.

मी डोकं उचललं. जड होतं. चार पावलं, मागचं दार, कलेक्टरच्या पुढ्यात. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की एवढ्या वर्षांच्या सेवेत असला अर्ज तिच्याकडे पहिल्यांदाच आला असावा. मग तिने ते तोंडात धरलं आणि माडाखाली ओढत नेलं.

मी येऊन मांडी घालून बसले. मनगटापर्यंत कालवण लागलेलं. मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

तात्या दात बसवून आले. आप्पा हसत आत आले. “म्हैस व्याली. पारडी झाली.” निनादची आई भाकऱ्यांची टोपली घेऊन बाहेर आली, म्हणाली, “वा, शुभ बोललात.” मागोमाग ताई सोलकढीचा तांब्या घेऊन, तिच्यामागे निनाद. सगळे हसत होते. आप्पा बसले आणि त्यांनी ताटाकडे पाहिलं.

भाताच्या मधोमध खड्डा होता, विजेचा खांब उपटल्यावर राहतो तसा.

आप्पांनी ताटाच्या डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग माझ्या हाताकडे. नेमके तेव्हाच मागे कावळे ओरडायला लागले. सगळ्यांनी मागच्या दारातून बाहेर पाहिलं. माडाखाली कलेक्टर डोक्यावर पाय ठेवून बसली होती आणि पाच कावळे तिच्याशी भांडत होते.

भाकऱ्यांची वाफ तेवढी वर जात होती.

“आवडलं नाय वाटतं डोकं,” तात्या म्हणाले.

आप्पांच्या पायाचा अंगठा माझ्या पावलावर आला आणि त्याने ते चटईत दाबलं. “मीच टाकलं,” आप्पा म्हणाले. “फोनला जाता जाता. आमच्याकडं डोकं खात न्हाईत.”

निनादच्या आईने टोपली खाली ठेवली. “अहो, काय केलंत,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. “बत्तीस वर्षं झाली मला या घरात. मोठ्या माशाचं डोकं तात्यांचं. तांडेल झाले तेव्हापासून. माझ्या नवऱ्याला कधी दिलं नाय, या निनादला नाय. आज पयल्यांदा स्वतःच्या पानाबाहेर दिलं.”

“असू दे,” तात्या म्हणाले. त्यांनी तोंडात हात घातला, दात काढले, धोतराच्या सोग्याला पुसले आणि सदऱ्याच्या खिशात ठेवले. “तुम्ही जेवा सावकाश.”

मी माणसांना ताटावरून उठताना बघितलंय. हात झटकून, ताट सरकवून, शिव्या देऊन. दात खिशात ठेवून उठणारा माणूस मी तेवढा एकच बघितला. त्याहून वाईट काही नसतं.

ताई आतल्या दारात उभी होती. तांब्यातली सोलकढी तिरकी होऊन तिच्या पायावर गळत होती, तिला पत्ता नव्हता. निनाद तिच्याकडे बघत नव्हता. भिंतीकडे बघत होता.

आप्पांचा अंगठा अजून माझ्या पावलावर. गप्प राहा, म्हणत होता. गप्प राहिले असते तर माझं काही बिघडलं नसतं. आप्पा अडाणी ठरले असते, अण्णाकाका खूश झाले असते, आणि मी आईला सांगितलं असतं, मी केलं काहीतरी, पण आप्पांनीच घाण केली.

“आप्पांनी नाही,” मी म्हणाले. “मी दिलं.”

“समे, गप.”

“मी दिलं. आप्पा रस्त्यावर होते. कालच्या खानावळीत डोकी मांजरांना घालत होते, मला वाटलं डोकं मांजराचंच. आणि आप्पांना मासा खाता येत नाही. त्यांना काट्याची भीती वाटते. ते ओकले असते, मग तुम्हाला राग आला असता, मग ताईचं लग्न मोडलं असतं. आईने मला काहीतरी कर म्हणून सांगितलं होतं. आणि आप्पांना भूकच नाही, ते सकाळी खिमा खाऊन आलेत.”

“कसला खिमा?” आप्पा म्हणाले.

“सकाळी गेला होता ना. साडेआठला आला. हाताला लिंबाचा वास येत होता.”

आप्पांचे कान लाल झाले. टोपीच्या कडेपर्यंत. मला वाटलं, पकडलं. बोलले मात्र तात्या. उंबऱ्यात उभे होते, तिथूनच.

“खिमा नाय,” ते म्हणाले. दात नसल्यामुळे शब्द मऊ येत होते, पण सगळे ऐकू आले. “पहाटे मी जेट्टीवर मासा घ्यायला गेलेलो. तिथं खलाशांच्या पंगतीत एक टोपीवाला बसलेला. उलट्या क्रेटवर. न्याहारीवाली बाई त्याला शिकवीत होती, पाठीकडून सोडवा, शेपटीकडून ओढा. खलाशी हसत होते. ह्याला काय पडली नव्हती. एक बांगडा संपला, दुसरा घेतला. अंगठ्यात काटा घुसला, रक्त आलं, तरी तिसरा घेतला. मी पाच मोजले. म्हटलं, या वयात ह्याला कसली परीक्षा आलीय?”

तात्या चालत आले आणि आप्पांसमोर बसले.

“दुपारी दारात बघतो तर तोच. म्हणून डोकं दिलं.”

आप्पा ताटाकडे बघत होते. ताई आप्पांकडे बघत होती. लहानपणी दुकानाच्या दारात उभी राहून ती त्यांना काम करताना बघायची, तशी. मी आप्पांच्या अंगठ्याकडे बघितलं. हळद अजून होती. मी सकाळी ती बघितली होती, पोहे खाता खाता.

“मग सांगायचं की,” मी म्हणाले.

“काय सांगू?” आप्पा म्हणाले. “बाप घास शिकतोय म्हणून सांगू?”

तात्यांनी खिशातून दात काढले आणि बसवले. “दुसरं डोकं नाय आता. सुरमईला एकच असतं.”

“काट्याचं काय आहे घरात?” आप्पांनी विचारलं.

निनादची आई घुटमळली. “तारली आहे तळलेली, आमच्यापुरती. पण ती पाव्हण्यांना कशी वाढू? बारीक काटेच काटे.”

“आणा.”

ती दोन बोटं लांबीची तारली ताटात आली. आप्पांनी टोपी काढून बाजूला ठेवली. हे ते फक्त दुकानात करतात, मोटार उघडायच्या आधी. त्यांनी तारली उलटी केली, पाठीवर नखाने एक रेघ ओढली, शेपटी दोन बोटांत धरली आणि अगदी सावकाश, तार सोडवावी तसा काटा वर घ्यायला सुरुवात केली. सगळे वाकून बघत होते. निनाद बघत होता, ताई बघत होती, कलेक्टरसुद्धा दारात येऊन बसली, ओठ चाटत. काटा निघाला. अख्खा, डोक्यापासून शेपटीपर्यंत, फणीसारखा, एकही दात न मोडता. आप्पांनी तो ताटाच्या कडेला ठेवला आणि मासा तोंडात घातला. चावला. गिळला.

तात्यांनी तो काटा उचलून उजेडात धरला. इकडून बघितला, तिकडून बघितला.

“आमच्या निनादला जमत नाय असं,” ते म्हणाले.

“तात्या,” निनाद म्हणाला.

“नाय जमत तर नाय जमत. लग्न झालं की सासऱ्याकडनं शीक.”

आप्पांनी सहा तारल्या खाल्ल्या. मग कालवणाचा भात, मग भाकरी, मग दोन हापूस. हात धुऊन फोन घेतला आणि परत अंगणात गेले, आता रेंज असलेल्या जागी, माडाच्या बुंध्याशी. आमच्या सगळ्यांच्या कानांवर पडेल एवढ्या मोठ्यांदा आईशी बोलले. आधी पारडीचं विचारलं. चीक काढला का, म्हशीने वार टाकली का. मग म्हणाले, “आणि अण्णाला निरोप दे. म्हणावं, खाणं-पिणं जुळतंय.”

आत ताई एकदम चटईवर बसली, सांडलेल्या सोलकढीत.

“उद्या सोमवार आहे, आप्पा,” मी दारातून ओरडले.

“तू गप.”

परतीच्या एसटीत आप्पा आंबा घाट चढेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. वर आल्यावर गार वारा लागला, तेव्हा खिडकीकडे बघत म्हणाले, “माझ्या ताटाला परत हात लावलास तर बघ.”

“नाही लावणार.”

“डोकं कसं लागतं तेवढं कळायचं राहिलं बघ.”

लग्न झालं. अण्णाकाका आले, रुसून आले, पण दोनदा वाढून घेतलं. आप्पांना अजून डोकं मिळालेलं नाही, कारण त्यानंतर तात्यांनी ते पुन्हा कुणाला दिलं नाही. म्हणतात, एकदा दिलं होतं, मांजराने खाल्लं.

मागच्या महिन्यात तात्या पहिल्यांदाच दहिवडीला आले, आमच्या जत्रेला. एक्क्याऐंशी वर्षांचे. टँकर बघून म्हणाले, “ह्यात मासा नाय?” आप्पांनी बोकड कापला होता. पंगतीत सगळ्यांना रस्सा वाढून झाला, मग आप्पा स्वतः पातेलं घेऊन आले, डाव तळापर्यंत घातला आणि दोन्ही हातांनी तात्यांच्या ताटात सगळ्यात मोठी नळी ठेवली. नुसते उभे राहिले.

तात्यांनी नळीकडे पाहिलं. लालभडक रश्श्यात ती उभी होती आणि तात्यांच्या कपाळावर घाम आलेला होता. खिशातून दात काढून त्यांनी बसवले. तेवढ्यात आप्पांना बाहेरून कुणीतरी हाक मारली, कुणाची तरी मोटार जळाली होती. ते गेले.

मी शेजारीच बसले होते. तात्या माझ्याकडे वळले. एकदा माझ्या हाताकडे बघितलं, एकदा दाराकडे, जिथे आमचं कुत्रं, फ्यूज, जीभ काढून बसलं होतं.

“पोरी,” ते हळूच म्हणाले, “आधी ते कुत्रं बांध.”